कोट घालून काढलेला फोटू

फोटोग्राफीच्या कुठल्याही क्लासात जा, दोस्तहो. फी भरा, पहिल्या बाकावर बसा. पहिल्याच दिवशी सांगतील, समोरच्याला कळू देऊ नका. कळलं की माणूस सावध होतो. केस सावरतो, बाई असेल तर पदर नीट करते, दोघंही ताठ होतात. संपला फोटो. म्हणून दबा धरा, वाट बघा, क्षण आला की टिपा. ह्याला ते जिवंत फोटो म्हणतात. आणि माणूस कोट घालून खुर्चीत बसतो, भिंगात रोखून बघतो, स्वतःच्या पैशानं स्वतःचा फोटो काढून घेतो, त्याला म्हणतात 'स्टुडिओ छाप'. नाक मुरडून म्हणतात.

मी स्टुडिओ छाप फोटोग्राफर आहे. वस्तीच्या तोंडाशी दहा बाय बाराचं दुकान, मागं रंगवलेला पडदा, पडद्यावर बाग आणि जिना. चाळीस वर्षं त्या जिन्यापुढं माणसं बसवली. आणि माझं म्हणणं असं आहे की ह्या देशात आपल्या माणसांचे जे काही खरे फोटो निघाले, ते बहुतेक अशाच पडद्यांपुढं निघाले. दबा धरून निघाले त्यातला बराचसा चोरीचा माल आहे.

दबा कोण धरतं? शिकारी. 'टिपलं' हा शब्दसुद्धा नेमबाजाचा, पाखराला लागणारा. आपल्या बाया मात्र बोलण्यात बरोबर फरक करतात. स्वतः होऊन स्टुडिओत गेली तर म्हणते, "फोटू काढून घेतला." कुणी परका वस्तीत येऊन खटका दाबून निघून गेला तर म्हणते, "फोटू काढून नेला." घेतला आणि नेला. फोटोग्राफीचं सगळं राजकारण ह्या दोन क्रियापदांत आहे. सौंदर्यशास्त्राच्या जाडजूड पुस्तकांत ते मला कुठं सापडलं नाही.

नेलेल्या फोटोंचा इतिहास जुना आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरचा शोध जाहीर झाला. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत इंग्रज साहेब तिपाई घेऊन आपल्या दारात उभा. १८५७ च्या उठावानं त्याची झोप उडाली होती. खाली ही कोण कोण माणसं आहेत, कोण बंड करील, कोण मुकाट राबेल, हे त्याला पाहिजे होतं. 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड निघाले, १८६८ ते १८७५. साडेचारशेच्या वर फोटो. जातीजमातींचा कॅटलॉग. बहुतेक माणसांना नाव नाही. जात आहे, जमात आहे, खाली साहेबाचा शेरा आहे, की हे लोक कष्टाळू, हे चोरटे, हे घाणेरडे. मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरनं त्याच दशकात शहरातल्या जातींची पुस्तकं काढली. माणसं एका जागी उभी करून फोटो काढायचे आणि मागं देखावा दुसरीकडचा चिकटवायचा. म्हंजे जागा खोटी, नाव गायब, खरी ठेवली फक्त जात. मनूनं लिहून ठेवलं ते साहेबानं काचेवर उतरवलं, एवढाच फरक.

ह्याच कामात विलोबी हूपर नावाचा लष्करी अधिकारी होता. त्या खंडांसाठी त्यानं फोटो दिले. १८७६ ते ७८ च्या मद्रासच्या दुष्काळात त्यानं हाडांचे सापळे झालेली माणसं, बाया, पोरं घोळक्यानं बसवली आणि फोटो काढले. पुढं हा ब्रह्मदेशात गेला. १८८६ साली मंडालेत बंडखोर म्हणून पकडलेल्यांना गोळ्या घालत होते आणि हा तिथं बंदोबस्ताचा प्रमुख. गोळी लागण्याच्या नेमक्या घडीला प्लेट उघडावी म्हणून ह्यानं माणसांना भिंतीपुढं ताटकळत ठेवलं, असा आरोप झाला. लंडनमध्ये बोंब झाली, चौकशी बसली. गोळ्या घातल्या म्हणून नव्हे बरं का! त्याचा फोटो काढला म्हणून.

नेमकी घडी. ह्या घडीचं ह्या लोकांना फार वेड. १९५२ साली कार्तिए-ब्रेसाँ ह्या फ्रेंच फोटोग्राफरचं पुस्तक आलं. इंग्रजीत त्याला नाव दिलं 'निर्णायक क्षण' अशा अर्थाचं, आणि ते नाव म्हंजे फोटोग्राफीची गीताच होऊन बसली. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ मात्र होतो घाईघाईत, लपतछपत टिपलेली चित्रं. माणूस मोठा कलावंत, वाद नाही. पण कॅमेऱ्याचा चकाकता भाग दिसू नये म्हणून तो त्यावर काळी पट्टी लावायचा, आणि ते आमच्याकडं व्रतासारखं सांगितलं जातं. मी विचारतो, निर्णायक कुणाला? पॅरिसच्या रस्त्यावर डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाला चोरून टिपलं तर तो फार तर हसेल. घरी जाऊन जेवेल. आमची बाई नळावर भांडताना, म्हातारा उकिरड्याकडेला बसलेला, पोर नागडं, त्यांना चोरून टिपलं तर त्यांचं आयुष्य त्या एका चौकटीत अडकतं आणि प्रदर्शनात टांगलं जातं. त्यात बक्षीस कुणाचं, आणि मान कुणाची गेली?

तंत्राचंही सांगतो. कारण हे लोक तंत्राच्या आड लपतात. कॅमेरा काय जात बघतो का, म्हणतात.

दोनशे मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स घ्या. रस्त्याच्या पल्याड उभं राहून गटारात उतरलेल्या माणसाच्या कपाळावरचा घाम मोजता येतो. वास येत नाही, शिंतोडा उडत नाही, "काय रे बाबा, नाव काय तुझं" हे विचारावं लागत नाही. जवळीक मिळते, जवळ जावं लागत नाही. ह्याला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा, मी अस्पृश्यता म्हणतो. काचेची.

आता मीटर. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर अडाणी असतो. त्याला वाटतं जगातली प्रत्येक वस्तू मधल्या करड्या रंगाची आहे. चुना मारलेली भिंत, पांढरा सदरा आणि त्यात उन्हानं रापलेला काळा चेहरा, असं समोर आलं की मीटर भिंत बघून घाबरतो आणि उजेड कमी करतो. भिंत छान येते. माणसाचा चेहरा मात्र कोळसा, नाकडोळे गायब. मग जाणकार म्हणतात, काय करणार, ह्यांचे फोटो नीट येतच नाहीत. अरे, येतात! जवळ जा, मीटर चेहऱ्यापुढं धर, एक-दीड स्टॉप झडप उघड. भिंत जळाली तर जळू दे. भिंतीचा फोटो काढायचाय का माणसाचा? पण त्यासाठी पुन्हा जवळ जावं लागतं, तेच तर नको असतं.

रंगीत फिल्मचा इतिहास ह्याहून नागडा आहे. कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड असायचं, शर्ली कार्ड म्हणायचे. तिचं कातडं बरोबर आलं की सगळं बरोबर. काळ्या माणसांचे चेहरे वर्षानुवर्षं चिखल होऊन येत राहिले, तेव्हा कंपनी हलली नाही. चॉकलेटवाले आणि फर्निचरवाले तक्रार करायला लागले, आमच्या मालाच्या तपकिरी छटा नीट येत नाहीत म्हणून, तेव्हा फिल्म सुधारली. चॉकलेटला न्याय मिळाला, त्यात माणसांचंही साधलं.

आता माझ्या पडद्यापुढं या.

आमच्याकडं यशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा होता. एकशेवीसचा रोल, बारा फोटो. पोटाशी धरायचा आणि वरून हुडात बघायचं. म्हंजे फोटो काढताना फोटोग्राफरची मान खाली आणि समोर बसलेल्याची वर. गावात ज्याला पाटलापुढं मान वर करायची चोरी, त्याच्यापुढं इथं एक माणूस मान घालून उभा. आणि रोलमध्ये बाराच फोटो असल्यानं विचारल्याबिगर खटका दाबणं परवडतच नव्हतं. "तयार का? काढू का?" हे विचारणं आमच्या धंद्यातच होतं.

खिळ्याला एक कोट असायचा. पाठीमागून चिमटे लावला की कुणालाही बसायचा. टाय असायचा, गाठ आधीच मारलेला. सूतगिरणीतला हमाल यायचा, बँडवाला यायचा, नगरपालिकेचा झाडूवाला यायचा. कोट घालायचा, आरशात बघायचा आणि म्हणायचा, "खिशाला पेन लावा." अंगठा उठवणारा म्हातारासुद्धा पेन मागायचा. कुणासारखं दिसायचं ते मला सांगावं लागत नव्हतं.

ह्यावर शहाणे हसतात. खोटा कोट, खोटी बाग, भाड्याचं पेन, वास्तव कुठाय म्हणतात. मी म्हणतो, फाटकी बंडी खरी आणि कोट खोटा हे ठरवलं कुणी? बंडी त्याच्यावर लादलेली आहे. कोट त्यानं निवडलाय. १९२८ साली इंदूरकडच्या गावांतल्या सवर्णांनी बलाई लोकांना फर्मान काढलं होतं. जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. बाबासाहेबांनी हे १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवून ठेवलंय. ज्या देशात काठ रंगीत असला म्हणून माणसाला मार पडतो, तिथं चिंध्यांतल्या माणसाचा फोटो 'नैसर्गिक' कसा? तो फोटो म्हंजे फर्मान पाळल्याची पावती आहे.

बाबासाहेबांचे फोटो आठवा. १९३४ सालचा राजगृहावरचा फोटो. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव, आणि टॉबी नावाचा कुत्रासुद्धा. सगळे बसून, उभे राहून, सांगून काढलेला फोटो. पुढच्याच वर्षी मे महिन्यात रमाई गेल्या. त्या फोटोत कुणी दबा धरलेला नाही. त्या दिवशी कसं दिसायचं ते त्या घरानं ठरवलं होतं. आणि बाबासाहेबांचा सूट! त्यावरून त्यांच्यावर काय कमी शेरे मारले? देशाचा नेता धोतरात, पंच्यात पाहिजे म्हणे. ज्याच्या बापजाद्यांना कपडे घालायची बंदी नव्हती, त्याला कपडे उतरवून महात्मा होता येतं. आपल्याला चढवावे लागतात.

हे फक्त आपल्यालाच कळलं असं नाही. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव जिथून घेतलं, त्या अमेरिकेतल्या काळ्या माणसांना शंभर वर्षं आधीच कळलं होतं. फ्रेडरिक डग्लस गुलामीतून १८३८ साली पळाला, आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सगळ्यात जास्त फोटो निघाले ते त्याचे. दीडशेच्या वर. सगळे कोटात, सगळे सांगून. गोऱ्यांच्या व्यंगचित्रांतला खुशालचेंडू गुलाम पुसून टाकायचा म्हणून हा गडी भिंगापुढं हसायचं टाळायचा. फोटोग्राफी ह्या विषयावर त्यानं १८६१ साली भाषण दिलंय. सोजर्नर ट्रुथ, जन्मानं गुलाम, लिहितावाचता येत नव्हतं. विणकाम हातात घेऊन, शाल लपेटून ती फोटोला बसली. त्या फोटोचा कॉपीराइट तिनं स्वतःच्या नावावर नोंदवला आणि प्रती विकून चरितार्थ केला. फोटोची मालकी फोटोतल्या बाईच्या नावावर! १८६४ साली! आपल्याकडचा कुठला बक्षीसपात्र फोटोग्राफर आज हे मान्य करील?

आणि उलटा नमुनाही तिथलाच. १८५० साली हार्वर्डचा प्राध्यापक आगासी, काळी माणसं वेगळ्या वंशाची हे सिद्ध करायला त्यानं गुलामांचे कपडे उतरवून फोटो काढवले. रेंटी नावाचा बाप, डेलिया नावाची त्याची लेक. रेंटीच्या वारस म्हणून एक बाई २०१९ मध्ये हार्वर्डविरुद्ध कोर्टात उभी राहिली, की हा माझ्या पूर्वजाचा फोटो आहे, तुमचा नाही. २०२५ च्या मे महिन्यात विद्यापीठानं तडजोडीत त्या प्लेटा सोडायचं कबूल केलं. पावणेदोनशे वर्षांनी. काढून नेलेला फोटो परत मागता येतो, हे आपल्याला अजून सुचलेलंही नाही. लंडनच्या कपाटांत आपले किती पणजे उभे आहेत?

दूर कशाला, सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात या. लांब नळ्या घेतलेले फोटोग्राफर झाडांच्या आडोशाला असतात. त्यांना काय पाहिजे असतं मला पाठ झालंय. चटईवर झोपलेली म्हातारी, भाकरी खाणारं कुटुंब, कागदाचे बोळे, पाण्याच्या टँकरपुढची रांग. वर्षानुवर्षं सात तारखेच्या पेपरात हेच. त्याच मैदानावर पुस्तकांचे स्टॉल लागतात. उसाच्या फडातून आलेला माणूस कनवटीला गाठ मारलेल्या पैशातून पुस्तक घेतो, पान उलटून वास घेतो, धोतराच्या सोग्यात बांधतो. जगातल्या कुठल्या धर्माच्या, कुठल्या नेत्याच्या स्मृतिदिनाला पुस्तकांचा असा बाजार भरतो ते दाखवा. एका वर्षी मी असा एक फोटो एका दैनिकात घेऊन गेलो. टेबलामागचा म्हणाला, "ह्यात बातमी काय आहे?" घाण ही बातमी. वाचन ही बातमी नाही.

इथवर टाळ्या वाजवल्या असतील तर आता थांबा, कारण पुढचं आपल्याबद्दल आहे. तुमच्याबद्दल.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. चांगलं झालं. पण खिशात कॅमेरा आला तसा साहेबाचा डोळाही आला. अत्याचार झाला की गाडी करून आपले दहा कार्यकर्ते जातात. आई भिंतीला टेकून बसलेली. एकानं खांद्यावर हात ठेवायचा, दुसऱ्यानं फोटो काढायचा, संध्याकाळी फ्लेक्स. वर नेते, मधे नेते, खाली कोपऱ्यात रडणारी आई, शिक्क्याएवढी. तिला कुणी विचारलं होतं का रे? बलात्कार झालेल्या मुलीची ओळख उघड करणं गुन्हा आहे, पूर्वी दंडविधानाचं २२८-अ, आता न्यायसंहितेचं ७२. आपल्यातल्या किती जणांच्या मोबाइलवर असे फोटो पडलेत ते मी बघितलंय.

खैरलांजीचं बोललंच पाहिजे. २९ सप्टेंबर २००६. मोठ्या वर्तमानपत्रांनी सुरुवातीला तोंड फिरवलं, तेव्हा मृतदेहांचे फोटो हातोहात फिरले आणि माणसं पेटून रस्त्यावर आली. ते फोटो नसते तर प्रकरण दडपलं गेलं असतं, हे मला मान्य. त्या घडीला ते पुरावा होते. पण त्यानंतर दर वर्षी ती तारीख आली की कुणीतरी तेच उघडे देह मोबाइलवर पुन्हा सोडतो, खाली लिहितो, रक्त खवळत नसेल तर पुढं पाठवू नका. मला स्वतःला आलेत. आता तो पुरावा कुणासाठी? कोर्टासाठी नाही. हूपरनं घोळक्यानं बसवलेल्या उपाशी माणसांकडं बघणाऱ्यांत आणि ह्यात फरक काय राहिला?

१९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल ह्या चौदा वर्षांच्या काळ्या पोराला ठार मारलं. आईनं, मॅमी टिलनं, शिकागोत शवपेटी उघडी ठेवायला लावली. फोटो 'जेट' मासिकात छापून आला आणि देश हादरला. हा दाखला आपले लोक नेहमी देतात. पण त्यात आई आहे हे विसरतात. बघू दे जगाला, हे तिनं ठरवलं होतं.

आणि उनाही विसरू नका. जुलै २०१६. मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या तरुणांना बांधून मारलं, आणि त्याचं चित्रण मारणाऱ्यांनीच केलं, त्यांनीच पसरवलं. दहशत बसावी म्हणून. तिथल्या माणसांनी ते चित्र उलटवलं. मेलेली गुरं उचलायचं बंद केलं, सरकारी कचेरीपुढं टाकली. चित्रावर मालकी अशीही मिळवता येते.

म्हणजे फोटो काढूच नका का? काढा! दाबून काढा. सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं त्यांच्यात जाऊन काढले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली म्हणून मोठे नाहीत ते. घाणीतून वर बघणारा त्यांचा माणूस भिंगात बघतो, म्हणून मोठे. तमिळनाडूचा पळनी कुमार कर्ज काढून कॅमेरा घेतो, गटारात मेलेल्यांच्या घरी जातो, आणि सफाई कामगारांच्या पोरांना कॅमेरा शिकवतो. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं कलम १५-अ आलं, त्याच्या दहाव्या पोटकलमात ह्या गुन्ह्यांच्या कामकाजाचं व्हिडिओ चित्रण करायचं लिहिलंय. किती प्रकरणांत आपण ते मागितलं? आईचा रडका चेहरा फ्लेक्सवर टाकायला आपल्याला वेळ आहे, कोर्टात हा अर्ज द्यायला नाही. जळालेल्या घराचे फोटो काढा. तुटलेलं दार, पेटवलेली गंजी, अडवलेली विहीर, तारखेसकट. माणसाचा काढायचा तर खाली बसा, त्याच्या डोळ्याच्या उंचीला या, नाव विचारा, काढू का म्हणा. पदर सावरायला वेळ द्या. नाही म्हणाली तर जयभीम घालून उठा. आणि हो म्हणाली तर एक प्रत तिच्या हातात पोचवा, मोबाइलवर नव्हे, कागदावर.

आणखी एक काम अंगावर घ्या. सायक्लोस्टाईलच्या स्टेन्सिलवर फोटो उठत नसे. त्यामुळं सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या आपल्या मासिकांत शब्द आहेत, चेहरे नाहीत. वरळी, नामांतर, लाँग मार्च, त्यातले चेहरे परक्यांच्या कपाटात राहिले. १९५६ साली बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून चित्रित केली म्हणून ती आपल्याला बघता येते. बाकीचं आपल्याच घरांत आहे. ट्रंकेत, गादीखाली, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीमागं खोचलेलं. कोट घातलेले आजे, पेन लावलेले, बागेच्या पडद्यापुढं. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, निम्मा काचेवरच राहतो. काचेसकट त्याचा फोटो काढा. मग सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारा. नाव, गाव, साल, कोट कुणाचा होता तेसुद्धा. फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेननं दाबून लिहिलं तर पुढं चेहऱ्यावर वळ उठतात. हे ह्या पावसाळ्याआधी करा, ओल धरली की पहिल्यांदा डोळे जातात.

जयभीम.